दात घासायला किती वेळ?

मुलांनो, पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. त्यात आंबेगाव तालुका शोधा. आता बोट पश्चिमेकडे न्या. सह्याद्रीच्या अगदी कड्यावर तुम्हांला आहुपे हे गाव सापडेल. गावाच्या पुढे जमीन एकदम संपते. खाली खोल कोकण दिसते. आहुपे घाटाची पायवाट उतरून माणूस ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात पोहोचतो. घोड नदी याच परिसरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन शेवटी भीमेला मिळते. येथे महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. पाऊस मुसळधार पडतो. गावाची जुनी देवराई आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले जंगल.

या डोंगरांत हिरड्याची झाडे पुष्कळ आहेत. हिरड्याची कोवळी फळे वाळवली की ती काळी आणि टणक होतात. त्यांना बाळहिरडा म्हणतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातील अनेक कुटुंबे बाळहिरडा गोळा करून विकतात. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो. हिरडा कातडी कमावण्यासाठी वापरतात, औषधांत घालतात आणि दंतमंजनातही घालतात. म्हणजे एखाद्या शहरात कोणी सकाळी मंजनाची डबी उघडतो, तेव्हा तिच्यात अशाच एखाद्या डोंगरातले फळ असू शकते.

मंजन असो, पेस्ट असो, काडी असो की विजेवर चालणारा ब्रश असो, एक प्रश्न सगळ्यांना सारखाच लागू पडतो. तो प्रश्न असा : आपण दात किती वेळ घासतो? आणि किती वेळ घासायला हवेत? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर बहुतेकांना ठाऊक नसते. पुढे वाचण्यापूर्वी एक काम करा. तुम्ही आज सकाळी किती वेळ दात घासले, ते अंदाजाने वहीत लिहून ठेवा. या आकड्याची आपल्याला पुढे गरज पडेल.

दातांवर काय साचते?

आपण जेवतो. जेवणानंतर काही वेळाने दातांवरून जीभ फिरवली, तर दात थोडे चिकट लागतात. हा एक पातळ थर असतो. त्यात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. आपण साखर किंवा गोड पदार्थ खाल्ले की हे जंतूही ती साखर खातात आणि तिच्यापासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दातांच्या वरच्या कवचाला हळूहळू विरघळवते. या कवचाला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात. आपल्या शरीरात हाडापेक्षाही कठीण असा हा पदार्थ आहे. पण त्याची एक मोठी उणीव आहे. हाड मोडले तर ते पुन्हा जुळते. कातडी फाटली तर ती भरून येते. दंतवल्कात खड्डा पडला, तर तो खड्डा शरीराला पुन्हा भरता येत नाही.

हा चिकट थर वेळेवर काढला नाही, तर तो टणक होतो. त्याला किटण म्हणतात. किटण ब्रशने निघत नाही. ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे लागते. थर हिरड्यांच्या कडेला साचला, तर हिरड्या सुजतात आणि त्यांतून रक्त येऊ लागते. (येथे हिरड्या म्हणजे दातांभोवतीचे मांस. वर सांगितलेले हिरडा हे फळ निराळे.)

माणसाला दोनदा दात येतात. दुधाचे दात २० असतात. ते पडून कायमचे दात येतात. ते ३२ असतात. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या वर्षाच्या सुमारास येते आणि अक्कलदाढा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी येतात. म्हणजे तुमच्या वयाच्या मुलाच्या तोंडात बहुधा २८ कायमचे दात असतात. यांच्यानंतर तिसरे दात नाहीत. आज जे आहेत, तेच म्हातारपणापर्यंत पुरवायचे आहेत.

थोडे गणित करू या

समजा, तुमच्या तोंडात २८ दात आहेत. त्यांपैकी पुढचे १२ दात पातळ आहेत. त्यांना बाहेरची आणि आतली अशा दोन बाजू घासायच्या. १२ गुणिले २ म्हणजे २४. मागचे १६ दात आणि दाढा रुंद आहेत. त्यांना बाहेरची, आतली आणि चावण्याची अशा तीन बाजू. १६ गुणिले ३ म्हणजे ४८. एकूण ७२ बाजू झाल्या.

आता दोन मिनिटे, म्हणजे १२० सेकंद, या ७२ बाजूंना वाटून द्या. एका बाजूच्या वाट्याला पावणेदोन सेकंदांहून थोडा कमी वेळ येतो. ब्रश एका वेळी दोन-तीन दातांवर फिरतो, म्हणून प्रत्यक्षात प्रत्येक बाजूला तीन ते पाच सेकंद मिळतात. एवढ्या वेळात ती बाजू नीट घासता येते. पण कोणी ४५ सेकंदांतच गुळणी करून मोकळा झाला, तर? मग एका बाजूला दीड-दोन सेकंदही मिळत नाहीत. तेही सगळीकडे ब्रश फिरवला तर! प्रत्यक्षात घाईत माणूस पुढचे दात घासतो आणि मागच्या दाढांची आतली बाजू तशीच राहून जाते.

म्हणूनच दंतवैद्य सांगतात की दात दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे घासावेत. हा आकडा उगीच ठरवलेला नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लोकांना साध्या ब्रशने वेगवेगळ्या वेळा दात घासायला सांगितले आणि किती थर निघाला ते मोजले. ४५ सेकंद घासण्यापेक्षा १२० सेकंद घासल्यावर २६ टक्के अधिक थर निघाला. ३० सेकंदांपेक्षा १८० सेकंद घासल्यावर ५५ टक्के अधिक थर निघाला. ब्रश तोच होता. फरक फक्त वेळेचा होता.

अंदाज आणि घड्याळ

मग लोक खरोखर किती वेळ दात घासतात? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना आधी त्यांचा अंदाज विचारला. त्यांना वाटत होते की आपण दोन मिनिटांहून अधिक वेळ घासतो. मग प्रत्यक्ष वेळ मोजली. ती सव्वा मिनिटाच्या आसपास भरली. म्हणजे अंदाजाच्या जवळजवळ निम्मी! ते लोक खोटे बोलत नव्हते. त्यांना तसे खरोखरच वाटत होते.

असे का होते? याची काही कारणे आपण स्वतःच शोधू शकतो. पहिले कारण असे की पेस्टचा फेस लगेच होतो आणि तिची थंडगार चव तोंडभर पसरते. दहा-पंधरा सेकंदांतच तोंड साफ झाल्यासारखे वाटते. पण फेस होणे निराळे आणि थर निघणे निराळे. दुसरे कारण म्हणजे सकाळची घाई. शाळेची वेळ होत आलेली असते आणि घरातले दुसरे कोणी मोरीपाशी वाट पाहत उभे असते. तिसरे कारण असे की कंटाळवाणे काम करताना वेळ लांबल्यासारखा वाटतो. मित्राशी गप्पा मारताना दोन मिनिटे कधी सरली ते कळत नाही. ब्रश तोंडात धरून उभे राहिले की तीच दोन मिनिटे संपता संपत नाहीत.

काडीपासून यंत्रापर्यंत

पूर्वी दात घासण्यासाठी ब्रश नव्हता. महाराष्ट्रात कडुनिंबाची, बाभळीची किंवा करंजाची काडी वापरत. तिला दातवण म्हणतात. काडीचे टोक चावून चावून त्याचा कुंचला करायचा आणि त्याने दात घासायचे. तुम्ही उर्दूत ज्याला मिस्वाक म्हणता, तेही दातवणच. ते बहुधा पीलू या झाडाच्या मुळांपासून किंवा फांद्यांपासून करतात. अरबी भाषेत या झाडाला अराक म्हणतात. घरातली वडीलधारी माणसे वजू करण्यापूर्वी मिस्वाक करताना तुम्ही पाहिली असतील.

काडीने दात घासणाऱ्या माणसाकडे नीट पाहा. तो एका जागी उभा राहत नाही. काडी चावत अंगणात फेऱ्या मारतो, शेजाऱ्याशी बोलतो, ओढ्यापर्यंत जाऊन येतो. काडी मऊ व्हायलाच काही मिनिटे लागतात. त्याच्याजवळ घड्याळ नसते, पण कामाला वेळ आपोआप मिळतो.

ब्रश चीनमध्ये सुमारे पाचशे वर्षांपूर्वी तयार झाला. त्याला प्राण्यांचे राठ केस लावलेले असत. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनचे केस लावलेला ब्रश विक्रीस आला. त्यानंतर ब्रश स्वस्त झाला आणि घरोघर पोहोचला.

१९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये विजेवर चालणारा ब्रश तयार झाला. ज्यांच्या हातांत पुरेशी शक्ती नाही, ज्यांना हात नीट हलवता येत नाही किंवा ज्यांच्या दातांना तारा लावल्या आहेत, अशा लोकांना त्याचा विशेष उपयोग होईल, असा त्यामागचा विचार होता. १९६० साली तो अमेरिकेत विकला जाऊ लागला. सुरुवातीला तो वायरने विजेला जोडावा लागे. १९६१ साली आत बॅटरी असलेला, वायर नसलेला ब्रश तेथे बाजारात आला.

आजच्या विजेच्या ब्रशांचे मुख्य दोन प्रकार आहेत. एका प्रकारात ब्रशचे गोल डोके उजवीकडे-डावीकडे झटपट फिरते. दुसऱ्या प्रकारात ब्रशचे केस अतिशय वेगाने थरथरतात. त्यांची हालचाल मिनिटाला तीस हजारांच्याही पुढे जाते. माणसाच्या हाताला हा वेग शक्य नाही. पण यातील अनेक ब्रशांत आणखी एक गोष्ट बसवलेली असते. ती म्हणजे छोटेसे घड्याळ. दर ३० सेकंदांनी ब्रश थोडा थबकतो किंवा आवाज करतो. त्याचा अर्थ असा, की 'हा भाग झाला, आता पुढच्या भागाकडे वळा.' दोन मिनिटे झाली की तो वेगळा इशारा देतो. काही ब्रश आपोआप बंदही होतात.

मग कोणता ब्रश चांगला?

याचे उत्तर देण्यासाठी शास्त्रज्ञांनी पन्नासहून अधिक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. हे काम २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले, की तीन महिन्यांहून अधिक काळ विजेचा ब्रश वापरणाऱ्यांच्या दातांवरील थर, साधा ब्रश वापरणाऱ्यांपेक्षा २१ टक्के कमी होता. हिरड्यांची सूज ११ टक्के कमी होती. म्हणजे विजेचा ब्रश थोडा सरस ठरला, हे मान्य केले पाहिजे.

पण मघाचा अभ्यास आठवा. तेथे साध्या ब्रशनेच, केवळ वेळ वाढवून, २६ टक्के अधिक थर निघाला होता. हे दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले आहेत. म्हणून त्यांची एकमेकांशी थेट तुलना करायची नाही. तरी एक गोष्ट स्पष्ट होते. साध्या ब्रशची ताकद आपण अर्धीच वापरतो आणि दोष मात्र ब्रशला देतो.

विजेचा ब्रश साध्या ब्रशच्या कित्येक पट महाग असतो. त्याची बॅटरी भरावी लागते आणि त्याचे डोके वेळोवेळी बदलावे लागते. आहुप्यासारख्या डोंगरातल्या गावात वादळी पावसात वीज गेली, तर त्याचा काय उपयोग? ज्यांच्याकडे असा ब्रश आहे, त्यांनी तो जरूर वापरावा. वृद्ध आणि अपंग माणसांना तर तो वरदान आहे. पण ज्यांच्याकडे नाही, त्यांनी मन छोटे करू नये. त्या यंत्राची एक मोठी खुबी आपण फुकट उचलू शकतो. ते दोन मिनिटे मोजते. मोजणे आपल्यालाही येते.

या गोष्टीचे महत्त्व दूरच्या गावांत अधिक आहे. शहरात दाढ दुखली तर दंतवैद्य जवळ असतो. आहुप्याच्या माणसाला मात्र डोंगरातल्या रस्त्याने घोडेगाव किंवा मंचरसारखे मोठे गाव गाठावे लागते. दिवसाची मजुरी बुडते, प्रवासाचा खर्च होतो. म्हणून पुष्कळ लोक दुखणे अंगावर काढतात. शेवटी जी दाढ वाचली असती, ती उपटावी लागते. जेथे डॉक्टर लांब, तेथे रोजची दोन मिनिटे अधिक मोलाची.

नुसता वेळ पुरेसा नाही

येथे एक इशारा द्यायला हवा. वेळ हवा, पण साधनही निर्धोक हवे. महाराष्ट्राच्या खेड्यांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, मिश्री लावण्याची सवय आढळते. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड. ती दातांना आणि हिरड्यांना बराच वेळ चोळत बसतात. येथे वेळ भरपूर दिला जातो, पण तो दातांसाठी नसतो, तंबाखूच्या तलफेसाठी असतो. मिश्रीचे व्यसन लागते. तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. तुमच्या घरात कोणी मिश्री लावत असेल, तर रागावून नव्हे, आदराने त्यांना हे समजावून सांगा.

कोळशाची भरड पूड, विटेचा चुरा, वाळू यांनीही दात घासू नयेत. त्यांनी दात पांढरे दिसले, तरी दंतवल्क झिजते. ब्रश दाबून, खसाखसा घासणेही चुकीचे आहे. भांडे घासतो तसे दात घासायचे नसतात. केस मऊ असावेत आणि हात हलका असावा.

तर मग दात कसे घासावेत? तोंडाचे चार भाग करा : वर उजवा, वर डावा, खाली उजवा, खाली डावा. प्रत्येक भागाला ३० सेकंद द्या. ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून लहान लहान गोल फिरवा. आधी बाहेरची बाजू, मग आतली, मग चावण्याची. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. साधारण तीन महिन्यांनी, किंवा केस वाकडे झाले की त्याआधीच, ब्रश बदला. रात्री झोपण्यापूर्वी दात घासायला विसरू नका. झोपेत तोंडातली लाळ कमी होते. लाळ आम्लाला सौम्य करते. ती कमी झाली की जंतूंचे चांगलेच फावते.

घरात घड्याळ नसेल तर? मनात पाढा म्हणा. शाळेच्या घड्याळासमोर एकदा मोजून पाहा, की तुम्हांला ३० सेकंदांत कितीपर्यंतचे पाढे म्हणता येतात. मग रोज तेवढे पाढे प्रत्येक भागाला द्या. दातही साफ होतील आणि पाढेही पक्के होतील.

मराठीत एक म्हण आहे : दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. चणे मिळणे न मिळणे नेहमीच आपल्या हाती नसते. दात टिकवणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. त्यासाठी दिवसातून चारच मिनिटे लागतात.

स्वाध्याय

१. कारणे लिहा :
(अ) दंतवल्काला पडलेला खड्डा भरून येत नाही, म्हणून दातांची अधिक काळजी घ्यावी लागते.
(आ) दात घासण्याच्या वेळेचा आपला अंदाज चुकतो.
(इ) दूरच्या गावांत रोज दात घासण्याचे महत्त्व अधिक आहे.

२. 'हिरडा' आणि 'हिरडी' या शब्दांचा वेगवेगळ्या वाक्यांत उपयोग करा.

३. उपक्रम : पाठ वाचण्यापूर्वी तुम्ही वहीत एक आकडा लिहिला होता. उद्या सकाळी नेहमीप्रमाणे दात घासा आणि घरातल्या कोणाला तरी वेळ मोजायला सांगा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. वर्गातील सर्वांचे आकडे फळ्यावर मांडून त्यांची सरासरी काढा. पंधरा दिवसांनी वेळ पुन्हा मोजा. काय फरक पडला, ते पाच-सहा ओळींत लिहा.